घराण्यातलं किती, परिस्थितीतलं किती? मनोविकार आणि दारूच्या व्यसनामागची कारणं

घरात कुणाला मनाचा आजार झाला किंवा कुणाची दारू हाताबाहेर गेली, की घरचे आधी कारण शोधायला लागतात आणि कारण शोधता शोधता माणूस शोधायला लागतात. ‘त्यांच्या घराण्यातच आहे ते.’ ‘आईनं लाडावून ठेवलं.’ ‘नोकरी गेली तेव्हापासून सुरू झालं.’ ‘मनानंच कच्चा आहे, दुसरं काय!’ ज्याला आजार झालाय तो हे सगळं ऐकत असतो. त्याची आई, बायको, मुलंही ऐकत असतात आणि त्यातलं बरंचसं मनाला लावून घेतात. या आजारांमुळे घराला जो त्रास होतो, त्यातला मोठा वाटा या दोषारोपांचा असतो असं मला वाटतं. तो टाळता येतो, म्हणून त्याचं जास्त वाईट वाटतं. या आजारांबद्दल आज जे पक्कं ठाऊक आहे ते नीट समजून घेतलं, तर ‘कुणामुळे झालं’ या प्रश्नातला जोर आपोआप कमी होतो.

सुरुवात जुन्या गोष्टीपासून करू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत पेलाग्रा नावाचा आजार पसरला होता. अंगावर चट्टे उठत, जुलाब होत आणि पुढे माणूस भ्रमिष्ट होई. मनोरुग्णालयं अशा रुग्णांनी भरली होती. हा संसर्ग असावा, नाहीतर त्या लोकांच्या रक्तातच काही खोट असावी, असं बरेच जण मानत. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरनं १९१५ च्या सुमारास दाखवून दिलं, की हा आहाराचा प्रश्न आहे. गरीब मजुरांचं पोट बहुतांशी मक्यावर भरत होतं. नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावानं त्यांचा मेंदू बिघडत होता, हे पुढे १९३७ मध्ये स्पष्ट झालं.

आता या आजाराचं कारण जैविक म्हणायचं की सामाजिक? बिघाड मेंदूच्या पेशींत होता, पण तिथपर्यंत तो पोचला गरिबीतून. सगळ्या विषयाचं सार या एका उदाहरणात आहे. परिस्थिती बाहेर आणि शरीर आत, अशी भिंत प्रत्यक्षात कुठेच नाही. परिस्थितीचा परिणाम होतो तो शरीरातूनच होतो.

आजही नैराश्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाची थायरॉईड आणि बी-१२ ची तपासणी डॉक्टर करायला सांगतात, ती याचसाठी. थायरॉईड मंदावलं की माणूस सुस्त, उदास होतो. त्या उदासीवर उपदेशाचा काही उपयोग होत नाही, थायरॉईडची गोळी मात्र लागू पडते.

‘घराण्यात आहे’ म्हणजे नेमकं काय?

मनोविकार आणि व्यसनं घराण्यात दिसतात, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण घराण्यातून दोन गोष्टी एकदम मिळतात, जनुकं आणि घर. पिणाऱ्या बापाचा मुलगा पिऊ लागला, तर ते रक्तातून आलं की रोज संध्याकाळी डोळ्यांसमोर घडत होतं त्यातून आलं? एकाच घरात दोन्ही असल्यामुळे नुसतं बघून हे सांगता येत नाही. म्हणून संशोधकांनी दोन वाटा शोधल्या. एक जुळ्यांची, दुसरी दत्तक मुलांची.

एकाच फलित अंड्यापासून झालेल्या जुळ्यांची जनुकं जवळपास तंतोतंत सारखी असतात. दोन वेगळ्या अंड्यांपासून झालेली जुळी इतर भावंडांइतकीच सारखी असतात. दोन्ही प्रकारची जुळी एकाच वेळी, एकाच घरात वाढतात. मग पहिल्या प्रकारच्या जुळ्यांमध्ये एखादा आजार दोघांनाही होण्याचं प्रमाण दुसऱ्या प्रकारापेक्षा बरंच जास्त निघालं, तर तो फरक जनुकांचा धरता येतो. स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होऊन माणसाचं वास्तवाचं भान सुटतं तो आजार, साधारणपणे शंभरात एकाला होतो. पण एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला तो असेल, तर दुसऱ्यालाही होण्याची शक्यता अभ्यासागणिक एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत निघते. ही उडी प्रचंड आहे. मात्र याच आकड्याची दुसरी बाजू लोक वाचतच नाहीत. जनुकं तीच, घर तेच, आणि तरीही निम्म्या किंवा त्याहून जास्त जोड्यांत दुसरं भावंड या आजारापासून दूर राहतं.

दत्तक मुलांचे गाजलेले अभ्यास डेन्मार्कमध्ये झाले, कारण तिथे दत्तकविधानाच्या आणि रुग्णालयांच्या नोंदी व्यवस्थित ठेवलेल्या होत्या. १९७३ मध्ये डोनाल्ड गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी मुलं शोधली, ज्यांच्या जन्मदात्यांपैकी एकाला दारूचं व्यसन होतं, पण जी जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच दुसऱ्या घरी वाढायला गेली होती. त्यांच्या शेजारी तशीच दत्तक गेलेली, पण जन्मदात्यांना व्यसन नसलेली मुलं ठेवून तुलना केली. मोठेपणी पहिल्या गटातल्या १८ टक्के मुलग्यांना दारूचं व्यसन लागलेलं होतं, दुसऱ्या गटात ५ टक्क्यांना. ज्या बापाला मुलानं पाहिलंही नव्हतं, त्याच्याकडून काहीतरी नक्की आलं होतं. पण पहिल्या गटातही ८० टक्क्यांहून जास्त मुलगे व्यसनी झाले नाहीत, हेही त्याच अभ्यासातलं आहे.

अशा अभ्यासांवरून काही ढोबळ आकडे निघाले आहेत. नैराश्यात अनुवंशाचा वाटा ३५ ते ४० टक्के, दारूच्या व्यसनात साधारण ५० टक्के, स्किझोफ्रेनिया आणि बायपोलरमध्ये (यात उदासी आणि उन्माद, म्हणजे अतिउत्साहाचे झटके, आलटून पालटून येतात) ७० ते ८० टक्के. हे आकडे सर्रास चुकीच्या अर्थानं वापरले जातात, म्हणून जरा थांबून सांगते. ‘दारूच्या व्यसनात अनुवंश ५० टक्के’ याचा अर्थ एखाद्या माणसाचं निम्मं व्यसन बापाकडून आणि निम्मं मित्रांकडून आलं, असा होत नाही. मुलाला व्यसन लागण्याची शक्यता ५० टक्के, असाही होत नाही. एका समाजातल्या माणसामाणसांत जो फरक दिसतो, कुणी व्यसनी होतो, कुणी होत नाही, त्या फरकातला किती भाग जनुकांतल्या फरकांशी जोडता येतो, एवढंच तो आकडा सांगतो. आणि तो समाज बदलला की आकडाही बदलतो. जिथे दारू मिळतच नाही, तिथे कितीही धोक्याची जनुकं असली तरी कुणी दारुडा होणार नाही. जिथे ती प्रत्येकाच्या हाताशी आहे, तिथे कोण अडकणार हे ठरवण्यात जनुकांचा हात वाढतो.

आई किंवा वडिलांना स्किझोफ्रेनिया असेल, तर त्यांच्या मुलांपैकी शंभरात सुमारे दहा जणांना तो होतो. धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त आहे, हे खरं. पण नव्वदांना तो होत नाही. उलट ज्यांना हा आजार होतो, त्यांच्यातल्या बहुसंख्यांच्या आईवडिलांना तो नसतोच. ‘आमच्यात कुणालाच नाही, मग हिला कसा झाला?’ असं विचारून सुनेकडे संशयानं पाहिलं जातं, तेव्हा हे आठवावं.

एक जनुक सापडत नाही

काही काळ सगळ्यांना वाटत होतं, की एखादं दोषी जनुक सापडेल आणि प्रश्न मिटेल. १९९० मध्ये डोपामिन या मेंदूतल्या रसायनाशी संबंधित एका जनुकाचा दारूच्या व्यसनाशी संबंध असल्याचं जाहीर झालं आणि ‘व्यसनाचं जनुक’ म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पुढच्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही. २००३ मध्ये सेरोटोनिन या मेंदूतल्याच दुसऱ्या रसायनाशी संबंधित एका जनुकाची अशीच गोष्ट नैराश्याबाबत पुढे आली. आयुष्यात आघात झाले तर त्या जनुकाच्या माणसांना नैराश्य लवकर गाठतं, असं ते म्हणणं होतं. ऐकायला फार पटणारं. पण लाखो माणसांच्या माहितीवर तपासलं, तेव्हा तेही उभं राहिलं नाही.

जे चित्र उभं राहिलं ते वेगळं आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रचंड अभ्यासात स्किझोफ्रेनियाशी संबंधित जनुकीय ठिकाणं २८७ निघाली. बहुतेकांचा एकेकट्याचा परिणाम नगण्य. सगळ्यांच्या शरीरात त्यातली थोडीफार असतातच. कुणाच्या वाट्याला जास्त येतात, कुणाच्या कमी. म्हणजे मनोविकाराचं रक्त आणि निरोगी रक्त अशा दोन जाती नाहीत. अपवाद थोडे आहेत. बाविसाव्या गुणसूत्राचा एक लहानसा तुकडा जन्मतःच गळलेला असेल, तर त्यातल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या माणसांना मोठेपणी स्किझोफ्रेनियासारखा आजार होतो. पण हे फार कमी जणांत आढळतं.

यातून घरच्यांना कळावं असं एक आहे. पिढीतून पिढीत जातो तो ठरावीक आजार नसतो, आजाराकडे झुकणारा कल असतो. बरीच जनुकं नैराश्य, बायपोलर, स्किझोफ्रेनिया, व्यसन अशी सगळीकडे सामाईक निघतात. म्हणून एकाच घरात आजी सतत चिंतेत, काका पिणारे, बहिणीला नैराश्य आणि चौथा अगदी ठणठणीत, असं दिसू शकतं.

ज्याला चढत नाही, त्याचा धोका

दारूच्या बाबतीत मात्र काही जनुकं खरोखर ठळक आहेत आणि ती काम कशी करतात हेही कळलेलं आहे. पोटात गेलेल्या दारूचं यकृतात एका एन्झाइममुळे (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनामुळे) आधी ॲसिटाल्डिहाइड होतं. हा विषारी पदार्थ आहे. मग दुसरं एक एन्झाइम त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट करून टाकतं. पूर्व आशियातल्या बऱ्याच लोकांमध्ये हे दुसरं एन्झाइम बनवणारं जनुक दुबळं असतं. जगभरात अशी सुमारे ५४ कोटी माणसं आहेत. त्यांनी थोडी जरी दारू घेतली, तरी चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, मळमळतं. साहजिकच त्यांच्यात व्यसनाचं प्रमाण खूप कमी. आणि त्यातूनही जे पीतच राहतात, त्यांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढतो, कारण ते विष शरीरात जास्त वेळ रेंगाळतं.

डिसल्फिरॅम हे व्यसनमुक्तीतलं जुनं औषध नेमकं याच एन्झाइमला रोखतं. ते घेतलेल्या माणसानं दारू प्यायली, की वर सांगितलेला सगळा त्रास अंगावर येतो. म्हणूनच हे औषध न सांगता, जेवणातून वगैरे कुणालाही कधीही देऊ नये. ज्याला ठाऊक नाही तो नेहमीसारखा पितो आणि त्या झटक्यात जीव जाऊ शकतो. हतबल झालेली बायको किंवा आई हे का करते, ते मला समजतं. पण करू नका.

याच जनुकाबद्दल जपानमधून आलेला एक अभ्यास मला सर्वांत बोलका वाटतो. उपचाराला आलेल्या दारूच्या रुग्णांत या दुबळ्या, म्हणूनच दारूपासून वाचवणाऱ्या जनुकाची एक प्रत (प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून) असलेले किती, हे तिथल्या संशोधकांनी वेगवेगळ्या वर्षांच्या रुग्णांत मोजलं. १९७९ मध्ये २.५ टक्के, १९८६ मध्ये ८ टक्के, १९९२ मध्ये १३ टक्के. तेरा वर्षांत माणसाची जनुकं बदलत नाहीत. बदललं ते भोवतालचं पिणं. पिण्याचा आग्रह आणि उपलब्धता वाढली, तसं शरीरानं उभं केलेलं कुंपणही लोक ओलांडू लागले. मात्र ज्यांच्याकडे या जनुकाच्या दोन्ही प्रती होत्या, ते त्या रुग्णांत सापडले नाहीत. त्यांचं कुंपण टिकलं.

आता याच्या उलटी बाजू पाहू. पिणाऱ्यांच्या जगात ‘याला कितीही द्या, चढत नाही’ हे कौतुकानं म्हटलं जातं. अमेरिकेत मार्क शुकिट या संशोधकांनी विशीतल्या तरुणांना, त्यात व्यसनी वडिलांची मुलंही होती, मोजून दारू दिली आणि त्यांचा तोल किती जातो, त्यांना स्वतःला किती चढल्यासारखं वाटतं हे टिपलं. सुमारे दहा वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा गाठलं. व्यसनी वडिलांच्या ज्या मुलांवर तेव्हा दारूचा परिणाम कमी झाला होता, त्यांच्यातल्या ५६ टक्क्यांना दारूचं व्यसन लागलं होतं. ज्यांना थोडक्यात चढली होती, त्यांच्यात १४ टक्क्यांना. कारण समजायला अवघड नाही. दोन पेगनंतर गरगरायला लागलं तर माणूस थांबतो. ज्याला काहीच होत नाही तो चौथा, पाचवा घेतो, तेवढ्याच पिणाऱ्यांच्या संगतीत बसतो आणि मेंदूला रोज जास्त दारूची सवय होत जाते. तेव्हा घराण्यात व्यसन असेल आणि तुम्हाला दारू ‘पचत’ असेल, तर ती ताकद समजू नका. धोक्याची पहिली खूण म्हणून तिच्याकडे पाहा.

सवय लागते म्हणजे मेंदूत काय होतं

‘मनात आणलं तर सोडता येते’ असं जे म्हणतात, त्यांच्यासाठी हा भाग जरा जवळून पाहू.

मेंदूत शांत करणारं एक रसायन असतं, गाबा, आणि चेतवणारं एक, ग्लुटामेट. गाडीचा ब्रेक आणि ॲक्सिलरेटर म्हणा. दारू ब्रेक दाबते आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढते. म्हणून सैल वाटतं, भीड चेपते, झोप येते. शिवाय डोपामिन वाढतं आणि ‘हे पुन्हा करायचं’ अशी नोंद मेंदूत होते. पण मेंदू स्वस्थ बसत नाही. रोज दारू येतेय म्हटल्यावर तो स्वतःचा ब्रेक ढिला करतो आणि ॲक्सिलरेटर जास्त संवेदनशील करून ठेवतो, म्हणजे दारू असतानाही काम चालू राहावं. आता पूर्वीइतकं सैल वाटायला जास्त दारू लागते. आणि काही महिन्यांनी, काही वर्षांनी अशी अवस्था येते, की दारू पोटात असेल तरच हा मेंदू समतोल राहतो.

अशा माणसानं एके सकाळी ठरवून बाटली फोडून टाकली, तर काय होतं? सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात. घाम फुटतो, छातीत धडधडतं, मळमळतं, कशातच जीव रमत नाही, रात्री झोप लागत नाही. बारा ते अठ्ठेचाळीस तासांच्या दरम्यान काहींना फिट येते, आधी कधीही आलेली नसताना. दोन ते चार दिवसांच्या टप्प्यावर थोड्या रुग्णांत सगळ्यात गंभीर अवस्था येते, डेलिरियम ट्रेमेन्स. माणूस भानावर नसतो, भिंतीवर किडे चालताना दिसतात, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, नाडी पळत असते. उपचार मिळाले नाहीत तर यात मृत्यू होऊ शकतो. ब्रेक ढिला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि दारू अचानक बंद, त्याचा हा परिणाम. याच्याशी इच्छाशक्तीनं लढता येत नाही. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू सोडताना डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. या काळात देण्याची औषधं आहेत, ती चांगली काम करतात. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, दिलं जातं, कारण त्याच्या अभावानं स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

पहिला आठवडा निभावला, की शरीर बऱ्यापैकी सावरतं. मेंदूतली ताणाची यंत्रणा मात्र अनेक महिने चिडलेली राहते. आधी माणूस मजेसाठी पीत होता. आता न पिता जे भकास वाटतं ते थांबवण्यासाठी पितो. ‘तीन महिने शहाण्यासारखा राहिला आणि पुन्हा घसरला’ हे घडतं ते बहुतेकदा या काळात. घरचे तोवर निर्धास्त झालेले असतात आणि उपचारही सुटलेले असतात.

परिस्थिती आत कशी शिरते

१९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्यानं अडवणूक केल्यामुळे नेदरलँड्सच्या पश्चिम भागात भीषण उपासमार झाली. त्या दुष्काळाच्या ऐन भरात ज्यांची गर्भधारणा झाली, त्या मुलांना मोठेपणी स्किझोफ्रेनिया होण्याचं प्रमाण दुप्पट आढळलं. चीनमधल्या १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात जन्मलेल्यांतही तसंच दिसलं. आजार दिसला विशीत आणि त्याची एक वीट ठेवली गेली जन्माच्याही आधी. या मुलांच्या आयांना कोण दोष देणार?

आणि तरी आयांना दोष दिला गेलाच. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमान या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी थंड, दबाव टाकणाऱ्या आईमुळे मुलाला स्किझोफ्रेनिया होतो, असं मांडलं. पुढे कित्येक वर्षं आजारी मुलांच्या आयांना आजाराच्या दुःखासोबत हा आरोपही सोसावा लागला. त्या म्हणण्याला पुरावा मिळाला नाही. ज्ञानाच्या नावावर झालेला हा मोठा अन्याय होता, असं मी म्हणेन.

मग घराचा परिणाम होतच नाही का? होतो, आणि तो कसा होतो हे फिनलंडमधल्या पेक्का टिएनारी यांच्या अभ्यासात छान दिसतं. त्यांनी स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांची दत्तक गेलेली मुलं आणि असा अनुवंश नसलेली दत्तक मुलं वर्षानुवर्षं पाहिली आणि ज्या घरांत ती वाढली, त्या घरांतलं वातावरणही तपासलं. अनुवंशाचा धोका असलेल्या आणि सतत कलह, टीका, गोंधळ असलेल्या घरांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे ३७ टक्क्यांत स्किझोफ्रेनिया किंवा त्याच्या जवळपासचे विकार दिसले. तसाच अनुवंश, पण घर समंजस असेल, तर सुमारे ६ टक्क्यांत. आणि अनुवंश नसलेल्या मुलांत घर कसंही असलं, तरी प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपासच राहिलं. म्हणजे त्या वाईट घरांनी सगळ्यांना आजारी पाडलं नाही आणि त्या जनुकांनीही एकट्यानं फारसं काही केलं नाही. घरातल्या वातावरणाला एखादा किती हळवा आहे, हे जनुकांनी ठरवलं.

नैराश्य आणि व्यसनाच्या बाबतीत बालपणाचा हात जास्त थेट आहे. १९९८ मध्ये विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी अमेरिकेतल्या हजारो प्रौढांना बालपणाबद्दल विचारलं. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरात व्यसन किंवा मनोविकार, आईला होणारी मारझोड, घरातल्या कुणाला तुरुंगवास. यातले चार किंवा अधिक प्रकार ज्यांच्या वाट्याला आले होते, त्यांच्यात दारूचं व्यसन, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असं काहीच न घडलेल्यांपेक्षा चार ते बारा पट होता. संकट आलं की शरीर कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सोडतं, संकट टळलं की ते खाली येतं. ज्या घरात दार कसं उघडलं जातंय या आवाजावरून मूल रात्रीचा अंदाज बांधतं, तिथे ते खाली येतच नाही. वाढीच्या वयात ही यंत्रणा कायमची सावध राहायला शिकते. पुढे तिशीत साध्या बोलण्यानंही त्या माणसाच्या छातीत धडधडतं आणि पहिल्यांदा दारू घेतल्यावर आयुष्यात प्रथमच शांत वाटतं. इतरांना दारू मजा देते, त्याला ती सुटका देते. तिची पकड किती घट्ट असणार, ते वेगळं सांगायला नको.

किशोरवय हा दुसरा नाजूक टप्पा. आयुष्यात कधीही होणाऱ्या मनोविकारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांश चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, असं एका मोठ्या अमेरिकी पाहणीत दिसलं. स्वतःला आवरणारा कपाळामागचा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो. या काळात गांजासारखी द्रव्यं जास्त नुकसान करतात. स्वीडनच्या ४५ हजारांहून अधिक तरुण सैनिकांचा माग ठेवणाऱ्या १९८७ च्या अभ्यासात, अठराव्या वर्षापर्यंत पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांना पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचं प्रमाण सहा पट निघालं. यातला काही भाग आधीच अस्वस्थ असलेली मुलं गांजाकडे वळतात यामुळेही असेल, पण धोका मूळचाच असलेल्या घरातल्या मुलांनी यापासून लांब राहावं, एवढं म्हणायला हा पुरावा मला पुरेसा वाटतो.

परिस्थिती बदलता येते, याचं ठोस उदाहरण आइसलँडचं. १९९८ मध्ये तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी मागच्या महिन्यात नशा येईपर्यंत दारू प्यायली होती. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. त्यांनी भाषणं कमी केली आणि खेळ, संगीत, कला यांसाठी मुलांना पैसे दिले, रात्री मुलांनी बाहेर राहण्यावर वेळेचं बंधन घातलं, दारू विकत घेण्याचं वय वीस ठेवलं, जाहिराती बंद केल्या आणि पालकांना मुलांसोबत जास्त वेळ घालवायला लावलं. मुलांची जनुकं जशीच्या तशी होती.

आधी नैराश्य की आधी दारू?

हे दोन्ही आजार एकाच माणसात इतक्या वेळा सापडतात, की कुणी कुणाला जन्म दिला हे विचारावंसं वाटतंच. ‘टेन्शन आहे म्हणून पितो’ हे पिणाऱ्याचं नेहमीचं स्पष्टीकरण. ते काहींच्या बाबतीत खरं असतं. भीती, निद्रानाश, कानात येणारे आवाज यांवर दारूचा तात्पुरता उतारा घेता घेता अनेक जण अडकतात. पण उलटा प्रवासही तितकाच होतो. सॅन्डरा ब्राउन आणि शुकिट यांनी १९८८ मध्ये व्यसनमुक्तीसाठी दाखल झालेल्या १९१ पुरुषांचं नैराश्य मोजलं. दाखल होताना ४२ टक्क्यांमध्ये ते उपचार करण्याजोगं गंभीर होतं. चार आठवडे दारूशिवाय गेल्यावर, नैराश्याचं वेगळं औषध न देता, तसे फक्त ६ टक्के उरले. बहुतेकांची उदासी दारूनंच आणलेली होती.

उरलेले ते ६ टक्के मात्र विसरायचे नाहीत. दारू सुटूनही त्यांचं नैराश्य तिथेच होतं आणि त्यावर इलाज झाला नाही, तर ते परत दारूकडे ओढतं. म्हणून दोन्हींचे उपचार एकत्र लागतात. ‘आधी दारू सोड, मग बघू’ असं सांगून परत पाठवणं किंवा पिण्याकडे काणाडोळा करून नुसत्या नैराश्याच्या गोळ्या देणं, दोन्हींनी रुग्णाचं नुकसानच होतं. आणि दारूच्या अमलात असताना आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्याला ‘पिऊन बोलतोय’ म्हणून सोडून देऊ नये. नशेत तोल सुटलेला असतो, त्यामुळे धोका त्या वेळी वाढलेला असतो. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

पहिल्यांदा डॉक्टरकडे जाताना घराण्याची माहिती लपवण्याकडे बऱ्याच जणांचा कल असतो, लाजेपोटी. पण ही माहिती थेट उपचारासाठी लागते. घरात कुणाला बायपोलर किंवा उन्मादाचे झटके येत असतील आणि ते सांगितलं नाही, तर नैराश्यासाठी दिलेली साधी गोळी अशा रुग्णाला उन्मादात ढकलू शकते. जवळच्या नातेवाइकाला लिथियम हे बायपोलरवरचं औषध चांगलं लागू पडलं असेल, तर या रुग्णालाही ते लागू पडण्याची शक्यता जास्त असते. कोण किती पितं, कुणी आत्महत्या केली होती का, कुणाला कोणती गोळी चालली आणि कोणती चालली नाही, हे सगळं घरून निघण्यापूर्वी कागदावर लिहून न्यावं, कारण तपासणीच्या खोलीत बसल्यावर यातलं निम्मं आठवत नाही.